यादवबापूंच्या ऊन बाटल्या

आमच्या वाशीमच्या कारखान्यात दुसऱ्याच्या लघवीची बाटली गालाला लावून पाहणारा एकच माणूस होता, आणि त्याला हसायची कुणाची टाप नव्हती.

लढाईचे दिवस होते. जिनिंगच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये फौजेच्या कापडावर रबराचं सोल्यूशन चढवायचं काम निघालं. त्याचा वास गोडसर, पण डोकं धरणारा. काही गडी चक्कर येऊन पडले, तेव्हा नागपूरहून सरकारी डॉक्टर आले. त्यांनी फर्मावलं की पाळी सुटताना प्रत्येकाची लघवी बाटलीत घ्यायची, थंड ठेवायची आणि आगगाडीनं नागपूरला धाडायची. तो वास कुणाच्या अंगात किती मुरलाय, ते तिथं कळणार होतं. हे काम आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर यादवबापू यांच्या गळ्यात पडलं. मी हजेरी कारकून, म्हणून नावं पुकारायला मी.

बापूंनी त्याचं सोवळंच मांडलं. शेडच्या हवेत बूच उघडायचं नाही. हात साबणानं धुऊन यायचं. मग कडुनिंबाआड जायचं आणि बाटली थेट बापूंच्या हातात द्यायची. ऊन असली म्हणजे ताजी, ज्याची त्याची; म्हणून बापू ती गालाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "ऊन हाये. पुढं." मग बाटली ओल्या वाळूच्या पेटीत जाई, वर भिजलं गोणपाट. ही पेटी पाण्याच्या माठांशेजारी ठेवायला दवाखान्यातल्या दाईनं साफ नकार दिला, तर गाडीला अवकाश असला की बापूंनी ती खुशाल आपल्या घरी न्हाणीत नेऊन ठेवायला सुरुवात केली.

शेडमध्ये मात्र वेगळीच हवा होती. ज्याची बाटली वाईट निघेल त्याला घरी बसवणार, अशी बोलवा उठली होती. ती खोटी नव्हती. मॅनेजरसाहेब माझ्यासमोरच तसं बोलले होते.

एके दिवशी मानोऱ्याकडचा सोमा बाटली घेऊन आला. त्याच्या हिरड्यांतून रक्त येई, चालताना झोक जाई, आणि विचारलं तर तो म्हणे की पान खाल्लंय. बापूंनी बाटली गालाला लावली. डोळे मिटले. मग दुसऱ्या गालाला लावली. "पुढं" म्हणालेच नाहीत. स्टेशनावर पेटी न्यायला हातगाडीवाला फाटकात उभा होता. बापूंनी बाकीच्यांना जायला सांगितलं.

"कोनाची हाये हे?"

सोमा जमिनीकडे बघत म्हणाला, "भावाची."

त्याचा भाऊ शेतात राबणारा, शेडची पायरीही न चढलेला. सोमानं ती बाटली ऊन राहावी म्हणून सकाळपासून कमरेला बांधून ठेवली होती, आणि पाळी सुटायच्या आधी हात धुताना ती नळाखाली पडून गार झाली होती. आता बापू साहेबांकडे जाणार, असं मला वाटलं. हातगाडीवाला ओरडला की गाडी चुकेल. चुकली असती तर सगळ्यांच्याच बाटल्या नासल्या असत्या.

"थांब जरासा," बापू हातगाडीवाल्याला म्हणाले आणि सोमासमोर उकिडवे बसले. "काहून असं केलं बे? मरून जाशीन त्या वासानं."

"घरी धाडतीन मले, बापू. मंग खाऊ काय?"

बापूंनी हातातलं बूच बोटांत दोनदा फिरवलं.

"माह्याकडं येत जा जेवाले," ते म्हणाले. "बायको जाऊन लय साल झाले, पन हात काई ऐकत नाई. आजून दोघाचंच रांधतो मी. रोज कुत्र्याले टाकतो."

त्यांनी कोरी बाटली पुढे केली. सोमा ती घेऊन कडुनिंबाआड गेला. बापूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकी वर्षं एका आवारात काढली, पण या माणसाबद्दल मला असा उमाळा कधी आला नव्हता.

पेटी धावतपळत गाडीत चढली. नागपूरचं उत्तर आलं आणि सोमाला त्याच दिवशी काढलं. पुढं त्याच्या हिरड्या हळूहळू बऱ्या झाल्या. बापू मात्र भेटेल त्याच्याकडे तक्रार करू लागले, आणि तक्रार करताना त्यांचा चेहरा असा फुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"हा बुवा दोघाचं एकटाच खाते. मले आता तिघाचं रांधा लागते."