कळंबोलीचं डेफिनेटली

समोरच्याचा विश्वास बसावा म्हणून इंग्रजांनी बरेच शब्द करून ठेवले. पण कोणतं खोटं बोलताना कोणता वापरायचा, ही शिस्त लावली कळंबोलीच्या एका ट्रान्स्पोर्ट ऑफिसाने.

संघप्रिया तिथे फोनवर होती. ‘गाडी कधी पोचेल?’ या प्रश्नाला उत्तरं ठरलेली असत. ‘शुअर’ म्हणजे गाडी अजून भरायची आहे. ‘डेफिनेटली’ म्हणजे ड्रायव्हर गावी गेलाय (सोबत गाडीही). ‘हंड्रेड पर्सेंट’ म्हणजे गाडी उलटली असून माल गोळा करणं चालू आहे. गाडी खरोखर दारात उभी असेल, तरच ‘प्रॉबेबली’. या पद्धतीने तक्रारी निम्म्यावर आल्या. (फोनही निम्मेच उचलले जात, पण तो वेगळा मुद्दा.)

तर अशा या संघप्रियाचं तुर्भ्याच्या कारखान्यातल्या निशांतवर मन जडलं. रविवारी तो आईला घेऊन सानपाड्याला तिच्या घरी मागणी घालायला येणार होता.

“नक्की ना?” तिने विचारलं.

“डेफिनेटली!” निशांत म्हणाला.

 घरी जाऊन ती पोटभर रडली आणि आईला म्हणाली, “कोणी येत नाय. शिरा करू नको.”

रविवारी निशांत वेळेवर, पेढ्यांसकट, आईला घेऊन हजर झाला. संघप्रिया गाऊनवर, केसांना फडकं बांधून पंख्याची जळमटं काढत होती.

“डेफिनेटली म्हणालास ना?” ती स्टुलावरूनच ओरडली. “मग आलास कशाला?”

प्रश्न रास्त होता. निशांतला तो झेपला नाही, म्हणून त्याच्या आईने, गोजराबाईंनी, सूत्रं हातात घेतली.

“ते ऱ्हाऊ दे. माझा निशांत पसंत हाय ना तुला?”

संघप्रियाने एकेक शब्द तपासला. प्रत्येकाखाली कुणाचा तरी माल अडकलेला. ‘प्रॉबेबली’ तेवढा प्रामाणिक होता, पण होणाऱ्या सासूला तो ऐकवायची सोय नव्हती. तिला निशांत हवा होता, अगदी मनापासून हवा होता. म्हणून ती एवढंच म्हणाली, “हो.”

गोजराबाईंनी उघडलेला पेढ्यांचा बॉक्स बंद केला. “नुसतं हो?” त्या मुलाला म्हणाल्या. “पोरगी कायतरी लपवतेय. चल.”

दोघं जिन्यापर्यंत पोचले, तेव्हा संघप्रियाचा धीर सुटला. “शुअर!” ती कठड्यावरून ओरडली. “डेफिनेटली! हंड्रेड पर्सेंट!”

गोजराबाई माघारी आल्या, तिला पेढा भरवला आणि लग्न ठरलं.

तुम्हालाही आत्ता कुठे हायसं वाटलं ना? म्हणजे तिचं ‘हो’ तुम्हालाही पुरलं नव्हतं.