खुणेचा शब्द

वरचा मजला भाड्याने द्यायचा, एवढंच ठरलं होतं. लातुरात हे काम कुणालाही जमतं. जूनच्या तोंडावर डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावहून येऊन उतरतात, त्यांच्यामागून पातेली आणि शेगडी घेऊन त्यांच्या आया उतरतात, आणि ज्याच्या घराला जिना आहे तो माणूस आपोआप घरमालक होतो. (एकाने म्हणे जिन्याखालची जागाही दिली होती, तिथे राहिलेला मुलगा पुढे हाडांचा डॉक्टर झाला.)

पण डॉ. शिवशंकर बिराजदार यांच्या हातात आलेलं सोपं काम सोपं राहत नसे. एकतीस वर्षं त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं होतं. त्यांची पीएच.डी. संशय या विषयावर होती आणि ती व्हायला अकरा वर्षं लागली, कारण नवं प्रकरण लिहून झालं की त्यांना मागच्या प्रकरणाची शंका येई. निवृत्तीनंतर विषय सुटला, सवय राहिली. गॅस बंद केला का, हे बघायला ते कोपऱ्यावरून तीनदा परत येत. पत्नी रत्नम्मा होत्या तोवर त्या आतून एकदाच "केलाय बंद" म्हणत आणि सरांचा त्यावर विश्वास बसे. त्या जाऊन दोन वर्षं झाली. कशाचीही खात्री देणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत सर न्हाणीघरात घसरून पडले आणि दूधवाल्याने हाक मारीपर्यंत दोन तास तिथेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण हैदराबादहून मुलगा दयानंद धावत आला आणि चार दिवस राहून निकाल देऊन गेला. पंधरा जूनपर्यंत वर कुणीतरी राहायला आलं पाहिजे, हाक मारली तर ऐकू जाईल असं. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि हैदराबादला चौदाव्या मजल्यावर यायचं.

सर तिथे एकदा महिनाभर राहून आले होते. लिफ्टमध्ये सगळे त्यांना 'दयानंदचे फादर' म्हणत. त्यापलीकडे ते तिथे कुणीच नव्हते. लातुरात निदान भाजीवाली तरी "सर, आज मेथी बगा" म्हणायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हातातलं 'सर' सोडून नुसतं 'फादर' म्हणून जगायला त्यांचं मन घेईना.

दयानंदने जाताजाता एका वेबसाइटवर जाहिरात टाकून दिली. तो गेल्यावर सरांनी ती सुधारली. घराचा फोटो दिला तर चोर जिना बघून ठेवतील, म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरवरच्या एका बंगल्याचा फोटो टाकला. (बंगल्यामागे भरलेलं तळं होतं. लातुरात.) पत्ता काढून टाकला, फोन नंबर काढून टाकला, नुसता ई-मेल ठेवला. भाडं निम्मं लिहिलं, कारण त्यांना भाड्यापेक्षा डोक्यावर कुणाच्या तरी पावलांचा आवाज हवा होता.

दुसऱ्याच दिवशी मेल आला. लिहिणारा स्वतःला मेजर म्हणवत होता. बदली लातूरला झाली आहे, घर न बघताच पसंत आहे. सुरुवातीलाच 'आपली व कुटुंबीयांची तब्येत उत्तम असेल' असं होतं. दोन वर्षांत सरांच्या तब्येतीची लेखी चौकशी कुणी केली नव्हती. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. पुढे लिहिलं होतं की, सोबतचा कोड स्कॅन करून पिन टाका, म्हणजे डिपॉझिट तुमच्या खात्यात येईल. सरांनी एक दुपार विचार केला. देणाऱ्याला आपल्या कपाटाची किल्ली लागते, घेणाऱ्याच्या कपाटाची कशाला लागावी? त्यांनी मेल खोडला. खोडताना वाईट वाटलं, पण खोडला.

दुसरा मेल वेबसाइटकडून आला. 'चोवीस तासांत आपली जाहिरात बंद होईल. चालू ठेवण्यासाठी इथे क्लिक करा.' सरांच्या डोळ्यांपुढे पंधरा जून आणि चौदावा मजला एकदमच उभे राहिले. त्यांनी क्लिक केलं. तेच पान, तेच रंग. ई-मेल टाकला, पासवर्डाची चार अक्षरं टाकली आणि वीज जाऊन कॉम्प्युटर बंद पडला. आयुष्यात पहिल्यांदा ती वेळेवर गेली होती. घामाघूम होऊन बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर मेल पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचला, तर वेबसाइटच्या नावाला मागून एक लांबलचक शेपूट होतं.

आपण, संशयावर पीएच.डी. केलेला माणूस, एका शेपटाला फसत होतो. त्या धक्क्यातून सर सावरले ते नियम घेऊनच. आलेल्या दुव्यावर बोट ठेवायचं नाही, वेबसाइट आपण आपल्या हाताने उघडायची. घाई करणारा प्रत्येक माणूस चोर समजायचा. दुपारी फोन बंद ठेवायचा. असे अकरा नियम त्यांनी दयानंदला फोनवर पाठ करायला लावले. त्यातला चौथा असा, की अनोळखी फोन आला, समोरचा पोलीस म्हणवत असला तरी, काहीही कबूल करायचं नाही, बापाचं नावसुद्धा नाही, आणि फोन कापून टाकायचा. आणि अकरावा असा, की हल्ली यंत्राने कुणाचाही आवाज काढतात, म्हणून बापलेकांत एक खुणेचा शब्द असावा. तो शब्द ओळखता येऊ नये म्हणून सरांनी पंधरा दिवसांत चारदा बदलला. दयानंद हो म्हणत गेला. (मोठ्या झालेल्या मुलाने बापाचं शेवटचं केव्हा ऐकलं होतं, ते सरांना आठवेना. त्यांना त्यात समाधानच वाटलं.)

जूनच्या पहिल्या आठवड्यात ऋतुजा नावाच्या मुलीचा मेल आला. 'रूम पाहिजे. आई सोबत राहील. किचन आहे का?' नमस्कार नाही, तब्येत नाही. सरांना तो फार संशयास्पद वाटला. त्यांनी चौदा प्रश्न पाठवले. दहावीचं गुणपत्रक मागवलं. आई आणि मुलगी आजचं वर्तमानपत्र हातात धरून उभ्या आहेत, असा फोटो मागवला. आधी एक रुपया पाठवा, म्हणजे खात्यावरचं नाव बघता येईल, असंही कळवलं. पत्ता मात्र खात्री पटल्यावरच मिळेल. मध्येच त्यांना आपला ई-मेल फुटल्याची शंका आली, म्हणून दुसरं पत्र नव्या ई-मेलवरून गेलं आणि तिसरं त्याहून नव्या.

ऋतुजा किनवटकडच्या इस्लापूरची. तिच्या गावातल्या एकाने आदल्या वर्षी लातूरला ऑनलाइन खोली ठरवून ॲडव्हान्स भरला होता आणि येऊन बघतो तर त्या पत्त्यावर पाण्याची टाकी. तेव्हापासून गावातली पोरं हुशार झाली होती. पोरीने एक रुपया पाठवला, पाठवताना खात्याच्या नावाखाली दिसलेला मोबाइल नंबर लिहून घेतला, आईला घेऊन नांदेडपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने लातूर गाठलं, आणि सामान मावशीकडे टाकून थेट पोलीस स्टेशनात अर्ज दिला.

जमादार नरसिंग यांनी सरांना पाच वेळा फोन केला. सरांनी चौथ्या नियमाप्रमाणे पाचही वेळा कापला. तेव्हा जमादार नंबरावरून पत्ता काढून, दोघी मायलेकींना रिक्षात घालून, भर दुपारी दारात येऊन उभे राहिले.

"दार उघडा. पोलीस स्टेशनातून आलोय."

"कशावरून?" सरांनी आतून विचारलं.

जमादारांनी जाळीला ओळखपत्र लावलं. सर म्हणाले, असलं कार्ड कुठेही छापून मिळतं. तुम्ही थांबा, मी पोलिसांना विचारून घेतो. त्यांनी आतून पोलिसांना फोन लावला आणि दारात तीन संशयित माणसं आहेत म्हणून कळवलं. पाच मिनिटांनी जमादारांचा फोन वाजला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हाव साहेब. जवळच हाय. लई जवळ. त्यातला एक संशयित मीच हाय."

मग दार उघडलं. जमादारांनी पहिल्यांदा सरांचा मोबाइल बंद करून पुरावा म्हणून पिशवीत टाकला आणि अर्ज वाचून दाखवला. खोटा फोटो. पत्ता नाही. फोन नाही. निम्मं भाडं. तीन ई-मेल. कागदपत्रं मागणं. पैसे मागणं, एक रुपया का होईना. ऐकता ऐकता सरांना क्षणभर स्वतःचीच शंका आली. मुद्देसूद लिहिलं होतं पोरीने. त्यांच्या विद्यार्थ्यांना हे कधी जमलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या वर्गात होतात का?" त्यांनी जमादारांना आशेने विचारलं. "चेहरा ओळखीचा वाटतो."

"न्हाई. मी कॉमर्सचा. घर तुमचंय म्हणता, पावती दाखवा."

घरपट्टीची पावती रत्नम्मांच्या नावाने होती. वीजबिल अजून सरांच्या वडिलांच्या, ईश्वरप्पांच्या नावाने येत होतं. आधार कार्डावर पत्ता जुन्या क्वार्टरचा आणि फोटो एका भेदरलेल्या इसमाचा, जो कुणीही असू शकला असता. सरांनी शेवटी भिंतीवरची पीएच.डी. दाखवली. जमादारांनी विषय वाचला, सरांकडे बघितलं आणि परत विषय वाचला.

"घरात दुसरं कोणी?"

"नाही. मुलगा आहे. हैदराबादला. त्याला विचारा ना."

हे म्हणताना सरांना पहिल्यांदाच हायसं वाटलं. नंबर त्यांना पाठ होता. जमादारांनी आपल्या फोनवरून तो लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"दयानंद बिराजदार का? लातूर पोलीस बोलालोय. शिवशंकर बिराजदार तुमचे वडील का?"

 दयानंद शांतपणे म्हणाला, "या नावाच्या कुणाला मी ओळखत नाही."

जमादारांनी सरांकडे बघितलं. सर फोनवर वाकले. "अरे दयानंद, मी बोलतोय. मी. बाबा."

"आवाज चांगला काढलाय," दयानंद म्हणाला. "खुणेचा शब्द सांगा."

सरांना एकतीस वर्षं शिकवलेलं सगळं आठवलं. तो शब्द तेवढा आठवेना. तो डायरीत होता, डायरी तांदळाच्या डब्यात होती, की तिथून काढून दुसरीकडे ठेवली होती? सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "रत्नम्मा."

"तो पहिला होता," दयानंद म्हणाला आणि त्याने फोन कापला.

हैदराबादला आपण नुसते दयानंदचे वडील असू, एवढीच सरांना भीती होती. इथे तेही निघून गेलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि आता गाडीत बसायचं का, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात जमादारांना विचारलं.

ऋतुजाची आई, गुणाबाई, या सगळ्यात स्वयंपाकघर बघून आली होती. किचन आहे का, या मूळ प्रश्नाचं उत्तर तिला अजून कुणी दिलं नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "जमादारसाहेब, ह्यांना सोडा. हे चोर न्हाईत."

"कशावरून?" हे सर आणि जमादार दोघांनीही विचारलं.

"चोर असता तर फोनवरचा माणूस आधीच पढवून ठेवला असता. कोणी बी 'हाव हाव, माझेच बाबा' म्हणला असता. ह्यांचं सख्खं पोरगं न्हाई म्हणून राहिलं. खऱ्या माणसाचंच असं होते." मग ती लेकीला म्हणाली, "आन् मांडणीत एकच ताट हाय, बाई. एका ताटावर कोण चोरी करते?"

सरांनी मान वर केली. अकरा वर्षांत, तीनशे पानांत, इतकं निर्दोष अनुमान त्यांना एकदाही मांडता आलं नव्हतं.

ऋतुजा वर जाऊन खोली बघून आली. तळं नाही, पण नळाला पाणी येतं, असं तिने सांगितलं. मग जमादारांनी भाडेकरूच्या माहितीचा छापील फॉर्म काढला, पण गुणाबाईने त्यांना थांबवलं. आमचं नंतर, आधी ह्यांचं लिहून घ्या, ती म्हणाली. दोन वर्षं राहायचंय पोरीला. जमादारांनी 'भाडेकरू' खोडून वर 'घरमालक' लिहिलं. ऋतुजाने सरांचं आधार कार्ड, दोन्ही पावत्या आणि पीएच.डी. यांचे फोटो काढले. शेवटी तिने सरांना आजचं वर्तमानपत्र हातात धरून दाराशी उभं राहायला सांगितलं. सर उभे राहिले. ओळखीच्या रकान्यात काय लिहायचं, यावर जमादार जरा अडले आणि मग त्यांनी लिहिलं : मुलगा आहे, परंतु ओळखत नाही.

संध्याकाळी मावशीकडचं सामान आलं. वर पातेली घासत सरकू लागली, कुकरची शिट्टी झाली, आणि सर खाली खुर्चीत बसून नुसते ऐकत राहिले. परत मिळालेला मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा आहे याची तीनदा खात्री करून त्यांनी तो उचलला.

"बाबा, आज गंमत झाली," दयानंद खुशीत होता. "तुमच्या नियमांचा उपयोग झाला बघा. पोलीस म्हणून एकाचा फोन आला होता. तुमचा आवाजसुद्धा काढला, अगदी हुबेहूब. घाबरलेला बिबरलेला. एखादा फसलाच असता. पण मी शब्द विचारला, तर त्याला 'दूधवाला' काही सांगता येईना. तुम्हाला फोन करणार होतो, पण दुपारी तुमचा बंद असतो."

"शाब्बास," सर म्हणाले.

तेवढ्यात वर काहीतरी धाडकन पडलं.

"वर कोण आहे?"

"भाडेकरू आलेत. मायलेकी. इस्लापूरच्या."

"बाबा, नीट चौकशी केली ना? पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे?"

"हो, जमादार स्वतः घरी येऊन सगळं करून गेले," सर म्हणाले. कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.