उंबऱ्यात अडलेला सूर

माणसाच्या चेहऱ्यावरून मी त्याच्या पोटातलं ओळखतो! ब्रिनगोल गावच्या पुरुष कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, मी सेक्रेटरी, शिवाय वरच्या पट्टीत गाणारा पहिला टेनर. पलीकडच्या खोऱ्यातली कॉयरमास्तरीण मिसेस प्राइस पावाच्या दुकानात माझ्या कानाशी लागली, "एमरिस, तुमच्यातला एक जण गुरुवारी आमच्या तालमीला येतोय हं!" मी तत्क्षणी ताडलं. इडवल!

इडवल म्हणजे आमचा खर्ज. स्लेटच्या खाणीतून निवृत्त झाला, पण खाण गळ्यात घेऊन आला. चार आवाजांच्या घराचं तो जोतं. तो गेला, तर शनिवारच्या स्पर्धेत आमची एकेक कॉर्ड, चारी आवाजांची जुळणी, छपरासारखी उडणार! आणि हल्ली तो नजर चुकवायचा, सारखं पेपरमिंट चघळायचा. आणखी काय पुरावा हवा?

"उद्या संध्याकाळी काय रे करतोयस?" मी सहज विचारलं.

"गुडघा दुखतोय. घरीच. तू?"

"मीही घरीच. बायकोचा गुडघा दुखतोय."

गुरुवारी तालमीच्या तासभर आधीच मी त्यांच्या चॅपलात, स्तोत्रपुस्तकांच्या कपाटात!

लोक जमले. गाणं सुरू झालं. काय सांगू! प्रत्येक कॉर्ड पुढचीला हात देत होती, पाणवठ्यावरून घरी निघालेल्या बायकांसारखी. शेवटून दुसरी कॉर्ड आली, आणि मिसेस प्राइसनं हात वर केला. "थांबा! आता चहा."

चहा? अहो, 'नी' माहेरच्या उंबऱ्यात पाऊल उचलून उभा, 'सा' हाताच्या अंतरावर, आणि ही बाई म्हणते चहा! मी बाही चावली. मनातल्या मनात मेंढ्या मोजल्या. अकराव्या मेंढीला माझं तोंड उघडलंच.

"साऽऽऽ!"

आणि त्याच क्षणी व्यासपीठाखालून, फळ्या थरथरवत, खालचा "साऽऽऽ!"

कपाट उघडलं. व्यासपीठाखालून धुळीनं माखलेला इडवल रांगत आला. मिशीत 'बारा ब्रिथ'चा, चहासाठी मांडून ठेवलेल्या मनुकांच्या गोड पावाचा, चुरा.

"अगंबाई, दोघंही!" मिसेस प्राइस हसून लोटपोट. "मी तर गंमत म्हणून दोघांनाही वेगवेगळं गाठून 'तुमच्यातला एक जण येतोय' असं सांगितलं होतं!"

"फितूर!" मी ओरडलो.

"मी? मी तुला पकडायला आलो!"

"मग ते पेपरमिंट?"

"तुझ्यावर पाळत ठेवताना खोकला नको यायला!" मग त्यानं अंगावरची धूळ झटकली. "वीस वर्षं तुझ्या सुराखाली खांदा दिला, एमरिस. शनिवारी दुसरा खर्ज शोध."

डोंगरवाटेनं तो पुढे, मी मागे. माफी तर मागायची होती. शेवटी माथ्यावर मी तीच ओळ गायलो, 'नी'वर आणली आणि तिथेच सोडली.

तो दहा पावलं चालला. वीस. मेंढ्यांच्या फाटकापाशी थांबला.

"साऽऽऽ," सगळी दरी भरली.

"तुझा नी उतरलाय," तो न वळता म्हणाला. "शनिवारी नीट लाव."

एरवी मी भांडलो असतो. म्हटलं, "हो, दादा."

तर असं मिटलं. पण एक शंका अजून जात नाही. घरून जेवून आलो म्हणणाऱ्या माणसाच्या मिशीत शत्रूच्या बारा ब्रिथचा चुरा कुठून आला? माझ्या खिशात दोन तुकडे निघाले, पण ते पुरावा म्हणून घेतले होते!