पिंपरी पेंढारची लाइन

पिंपरी पेंढारच्या टोमॅटो पॅकहाऊसची इंटरनेटची लाइन दोन महिने एकदाही बंद पडली नव्हती, आणि ती सांभाळणाऱ्या मोईजला जेवण गोड लागत नव्हतं.

खरं तर हे त्याचंच यश होतं. पूर्वी पॅकहाऊसपासून कंपनीच्या क्लाउडपर्यंत एकच खाजगी लाइन जायची. ती गेली की वजनाची पावती निघायची नाही, पावतीवाचून ट्रक हलायचा नाही, आणि काउंटरवरची सानिया जुन्नरला फोन करायची, "लाइन गेली, या." मोईज गाडीला किक मारायचा. काम दहा मिनिटांचं, नंतरचा चहा अर्ध्या तासाचा. सानिया चहात आलं जरा जास्तच घालायची. बोलणं टोमॅटोच्या पलीकडं कधी गेलं नाही, पण परतताना मोईज ओतूरपर्यंत उगाच हसत यायचा.

मग कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून ऋषीसाहेबांनी फर्मावलं, "लाइन कधीच जाता कामा नये. आराखडा तू कर."

मोईज कामात प्रामाणिक. त्यानं दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या. एक ओतूरकडून खांबांवरून आणली, दुसरी आळेफाट्याकडून जमिनीखालून. दोन्हींची यंत्रं वेगळ्या खोल्यांत बसवली, वीजही वेगळी दिली. क्लाउडच्या टोकालाही दोन निराळी दारं ठेवली. एक तुटली की दुसरी आपोआप काम उचलणार, कुणाला पत्ताही लागणार नाही. साहेबांनी पाठ थोपटली, आणि मोईजचा फोन मुका झाला.

एकदा न राहवून तो निघाला. पॅकहाऊसचं फाटक आलं, पण काय सांगून आत जावं ते सुचेना. तसाच पुढं गेला, आळेफाट्यावर भूक नसताना मिसळ खाल्ली आणि परत आला.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी पुण्यात गजर वाजला. पहिली लाइन सकाळी अकराला पडली होती! मोईजनं गाडीची किल्ली उचलली.

"तू थांब," साहेब फोनवर म्हणाले. "दुसरीवर काम चालूय, घाई नाही. ओतूरचे दादाभाऊ जातील."

दादाभाऊ निवृत्तीला टेकलेले लाइनमन. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "वायर निसटली व्हती, बसवली. पोरगी लई गुणाची हाय, राव. चहा पाजला. पर मला बघून तिचं तोंड का उतरलं, कळंना."

"चहात आलं व्हतं?"

"व्हतं की. का रं?"

"काय न्हाई," म्हणून मोईजनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाइन पुन्हा अकरालाच पडली. दादाभाऊंनी हे उंदराचं काम ठरवलं आणि सुक्या बोंबलाचा तुकडा लावून सापळा मांडला. उंदीर सापडला नाही, अकराला लाइन पडलीच. वायर लोखंडी नळीतून घेतली, तरी तेच. दादाभाऊ रोज जात होते, चहा पीत होते, आणि मोईज जुन्नरला कुढत होता. शेवटी पुण्याहून कुलुपाचं पोलादी कपाट आलं. यंत्र आत गेलं, किल्ली दादाभाऊंच्या खिशात. गजर थांबला.

"उंदीर हरला!" साहेब म्हणाले.

आता तर दादाभाऊंकडून कळणारी खबरही बंद झाली. चौथ्या दिवशी मोईजनं रजा टाकली.

पॅकहाऊसमध्ये ट्रक भरत होते. सानियानं मान वर केली आणि तिचा हात थांबला.

"लाइन चालू हाय," ती म्हणाली.

"म्हाईत हाय."

"मंग कुणी बोलावलं?"

वाटभर त्यानं बॅटरी तपासण्यापासून तीन कारणं घोकली होती. आता एकही आठवेना.

"असाच आलो. तुमाला बघायला."

सानियाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाठोपाठ राग.

"असंच येता येत व्हतं?"

"व्हय."

"मंग रोज अकराला मला ती वायर कशाला उपसायला लावली? उपसली की दरवेळी दादाभाऊच हजर!"

मोईज तिच्याकडं बघतच राहिला. "पर तुमी एकच उपसत व्हता," तो हळूच म्हणाला. "दुसरी बी उपसली असती, तर मी आलो असतो."

"दुसरी कुठं हाय, ते मला कुणी सांगितलं व्हतं?"

"ताई, पावती!" ट्रकवाला खिडकीवर टकटक करत होता. त्याच्यामागं आणखी दोघं येऊन उभे राहिले. कुणीतरी हॉर्न दाबला. सानियाला काही ऐकू आलं नाही, मोईजलाही नाही. दोन्ही लाइनी ठणठणीत असताना पॅकहाऊसचं काम त्या दिवशी पहिल्यांदाच बंद पडलं.