अश्विनी काही दिसेना

लॅपटॉपच्या पडद्यावर अश्विनी अशी दिसत होती, की सख्ख्या आईनंही ओळखली नसती. नाक होतं, पण ते कुठून सुरू होतं याचा पत्ता नव्हता. आणि मुलाखत तर तोंडावर आलेली! शेतकऱ्यांना घरूनच पिकांचा सल्ला द्यायचा, पगार पुण्याच्या कंपनीनं द्यायचा. कृषीची पदवी घेऊन श्रीगोंद्याजवळच्या आपल्या गावातच राहीन म्हणणाऱ्या पोरीला अशी नोकरी पुन्हा कुठली मिळायला?

"उजेड कमी हाय," मच्छिंद्र म्हणाला. बापाचं निदान कायम ठाम. त्यानं टेबल फिरवून खिडकीसमोर लावलं. झालं काय, तर मागच्या कांद्याच्या गोण्या कॅमेऱ्यात आल्या. त्या झाकायला दोन खिळे ठोकून पांढरी चादर टांगली. तरी पोरगी धूसरच. मग मच्छिंद्रनं थेट ट्रॅक्टर खिडकीला भिडवला आणि दिवे लावले.

"अण्णा, बंद करा! देवी न्हाई व्हायचं मला, नोकरी पाहिजे!"

तेवढ्यात मुलाखतीच्या रोहिणी मॅडम पडद्यावर आल्या. "आवाज छान येतोय, पण चेहराच दिसत नाही हो. जरा बघता का? नाहीतर पुढच्या उमेदवाराला घेते."

अश्विनीनं पडदा मागंपुढं करून पाहिला. दारातून तिची आई गोजरबाई हळूच म्हणाली, "आगं, त्या डोळ्याला काई झालं न्हाई ना?"

"कुठल्या डोळ्याला?"

"लॅपटॉपच्या. तूच दावला हुतास. नवी वस्तू, म्हून सकाळी पूजा केली. कुंकू टिकावं म्हून आधी तेलाचं बोट लावलं. मग म्हनलं तू वरडशील, म्हून कुंकू पुसून टाकलं."

"आणि तेल?"

"तेल कुठं कुनाला दिसतंय?"

अश्विनीनं ओढणीनं कॅमेरा खसाखसा पुसला. अहाहा! भुवईचा केसन् केस मोजून घ्यावा, असं चित्र! मग ती जी सुटली, ते कांद्यावरच्या करपा रोगापासून उसाच्या हुमणी किडीपर्यंत धडाधड उत्तरं.

मॅडम खूश झाल्या. "एक मघापासून विचारीन म्हणतेय. तुमच्या चादरीला बोटं कशी आहेत?"

अश्विनीनं वळून पाहिलं. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं खिळे निसटले होते, आणि मच्छिंद्र चादरीमागं दोन्ही हात वर करून, घामानं निथळत उभा होता. मुलाखत सुरू झाल्यापासून! अश्विनी वरमली. सकाळपासून ती या दोघांवर नुसती खेकसत होती.

"माझे अण्णा आहेत, मॅडम. ती आई. ट्रॅक्टरही यांचा आणि तेलही यांचंच. फार केलं हो यांनी माझ्यासाठी." गोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला.

मॅडम म्हणाल्या, "नोकरी तुमचीच, अश्विनी. अण्णा, आता तरी हात खाली घ्या."

"आधी पगार सांगा," चादर बोलली.

मॅडमनी हसत सांगितला. आकडा मच्छिंद्रला पसंत पडला, पण हात काही खाली येईनात.

"आजून वाढत आसंल," तो म्हणाला, "तर थांबतो की मी!"