राजाची कुमक

सबनीसकाकांच्या घरी जेवणाआधी एक सैन्य हरत असे.

टेबलावर निळा टॉवेल अंथरला की नदी. वाटी ठेवली की किल्ला. मसूर डाळ म्हणजे इंग्रज, कारण त्यांचे डगले लाल. फ्रेंचांचे पांढरे, "पण उडदाने मला वात होतो, म्हणून फ्रेंच तुरीचे," असं काका गंभीरपणे सांगत. दर शनिवारी अमेरिकेतली अठराव्या शतकातली इंग्रज-फ्रेंच लढाई व्हायची, किल्ला पडायचा आणि हरलेल्यांची आमटी व्हायची. त्यामुळे १९८४ साली पेनसिल्व्हेनियात शिकायला आल्यापासून मी तुरीचीच आमटी खाल्ली.

काका आमच्या विद्यापीठात यंत्रं दुरुस्त करत. एकटेच राहत. नव्या विद्यार्थ्याला ड्राइव्ह करून आधी गावाबाहेरच्या जुन्या फ्रेंच किल्ल्यावर नेत. किल्ला म्हणजे गवताचा उंचवटा. "इथून राजाला पत्रं गेली. माणसं पाठवा, दारूगोळा पाठवा! राजा तिकडे फ्रान्सात, व्हर्सायच्या महालात नाच बघतोय. अरे, उत्तर तरी द्यायचं! कुमक नाही, तर किल्ला नाही."

पीएचडीच्या पात्रता परीक्षेत मी नापास झालो. एकच संधी उरली. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. शनिवारी म्हणालो, "काका, मी परत जातो."

"आधी इंग्रजांना नदी ओलांडू दे."

मसूर किल्ल्याला भिडली. वाटीत तुरीचे सात-आठ दाणे उरले. काका उठले, बरणी आणली आणि मूठभर तूर वाटीत ओतली.

"हे काय?"

"राजाची जहाजं आली."

"पण इतिहासात ती आलीच नव्हती!"

"माझ्याही वेळी नव्हती आली." काका टॉवेलच्या सुरकुत्या काढत राहिले. "हीच परीक्षा. एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा बसलोच नाही. 'पुन्हा परीक्षेला बस' म्हणणारं गावात कोणी नव्हतं रे. सोमवारपासून पुस्तकं घेऊन ये. गणितं मला अजून येतात."

डाळी तशाच टेबलावर राहिल्या. निकालापर्यंत युद्ध तहकूब. रोज संध्याकाळी त्याच टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर आम्ही गणितं सोडवली.

मी पास झालो. त्या शनिवारी त्या घरात पहिल्यांदाच मसुरीची आमटी झाली. खारट.

"जिंकायची सवय नाही रे," काका म्हणाले.

मी दोनदा वाढून घेतली.