करुणाताईंनी करुणाताईंना कळवावे

कारेगावातल्या सोळा खोल्यांच्या चाळीत समाजाधारित बालआरोग्य प्रकल्प आला, तेव्हा लेकरांना खोकला आधीपासूनच होता. त्यामुळे प्रकल्पाला फार वाट पाहावी लागली नाही.

पहिल्याच बैठकीत समन्वयक शितल मॅडमनी चाळीतल्या बायकांना सांगितलं, "तुमची गरज तुम्हीच ठरवायची. आम्ही फक्त ऐकणार."

"आठवड्यातनं येकदा लेकरांचा डाक्टर पाठवा," करुणा म्हणाली. नवरा रांजणगावच्या कंपनीत लागला म्हणून ती राहू गावाहून इथं आलेली. कडेवर दीड वर्षाची दीक्षा, छातीत सदा घरघर. आईला दुसरं काय सुचणार?

मॅडम मायेनं हसल्या. "डॉक्टर आला की समाज परावलंबी होतो, ताई. समाजाचं आरोग्य समाजानेच सांभाळायचं."

पुढच्या पाच मिनिटांत समाज म्हणून करुणाची नेमणूक झाली. गळ्यात ओळखपत्र आलं, हातात तक्ता आला आणि डोक्यावर बावीस लेकरं आली. मागणाऱ्याच्याच गळ्यात मागणी बांधून मोकळं होणं इतक्या सफाईनं सरकारलाही जमत नाही.

करुणा मन लावून शिकली. मिनिटाला श्वास किती ते मोजायला शिकली. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या घरांत दिवसातून आठदा हात धुवा असं सांगायला शिकली. आणि सांगितल्याचा फोटो पाठवायला तर सगळ्यात आधी शिकली.

एका मंगळवारी सकाळी तिचा नवरा सम्राट पहिल्या पाळीला गेला आणि दीक्षाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. करुणानं श्वास मोजले. अठ्ठावन्न. तक्त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'श्वास चाळीसच्या वर असल्यास पालकांनी स्वयंसेविकेस तातडीने कळवावे.' स्वयंसेविका तीच होती. तिनं स्वतःला कळवलं. पुढची ओळ: 'स्वयंसेविकेने पालकांचे समुपदेशन करून सही घ्यावी.'

तिनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, पोरगी लई धापा टाकतीय. काय करू?"

"आधी शांत व्हा. समुपदेशन झालं का?"

"कुणाचं?"

"आईचं."

"आवं, आई मीच हाय की!"

"हरकत नाही, दोन्ही सह्या तुमच्या चालतील. फक्त फोटोत दोघी दिसल्या पाहिजेत."

आणि करुणा खरोखरच विचार करू लागली, की दुसरी कुठून आणावी. प्रशिक्षण इतकं उत्तम झालं होतं.

तेवढ्यात खोलीमालकीण कुशाबाई दारात आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तक्त्याऐवजी पोरगी दिसली. "आगं, व्हट निळं पडल्यात तिचं! फेक ते कागुद! शंभू, गाडी काढ रं!"

कुशाबाईंच्या लेकानं गाडी हाणली ती थेट शिरूरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. दीक्षाला ऑक्सिजन लावला. करुणा दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. पोरगी निळी पडत होती आणि आपण फोटोसाठी दुसरी बाई शोधत बसलो होतो, याची तिला मरणाची लाज वाटली.

पाचव्या दिवशी दीक्षा घरी आली. मागोमाग मॅडम आल्या. लेकराच्या हातावरची सलाईनची पट्टी पाहून त्यांचा चेहरा पडला.

"ही फ्रॉकखाली झाकता येईल का? डॉक्टर दिसला की समाजाचं श्रेय जातं." उत्तराची वाट न पाहता मॅडमनी स्वतःच पट्टीवर फ्रॉक ओढला आणि फोटो काढला.

"डाक्टरनंच वाचवली, मॅडम. आमाला डाक्टरच पाठवा, बाकी काय बी नगं."

"पण वाचली ना?" मॅडमनी वही उघडली. "म्हणजे डॉक्टर न पाठवता भागतं." त्यांनी तसं लिहून टाकलं आणि खाली समाजाची सही घेण्यासाठी पेन करुणापुढे धरलं. तिनं पोरीला उचललं आणि दार लावून घेतलं. सहीच्या जागी 'समाज उदासीन' असा शेरा पडला.

पट्टी झाकलेला फोटो मात्र झकास आला. खाली मजकूर होता, 'समाजानेच वाचवली समाजाची लेक!' तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो सकाळी आला होता. तुम्ही त्याखाली टाळ्यांची तीन चित्रं टाकलीत, आणि लगेच डॉक्टरांना फोन लावलात, कारण तुमचं बाळ सकाळपासून दोनदा शिंकलं होतं.